सतरा नंबरची बारावी शीट

"हे कोणी लिहिलं?" बाईंनी विचारलं.

नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने मान वर केली. बाईंच्या हातात तिनेच सकाळी छापून ठेवलेला गठ्ठा होता. चाळीस पेशंट, प्रत्येकाचं एक पान आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बाईंच्या सहीसाठी एक रेघ. सोळा सह्या झाल्या होत्या. सतराव्या पानावर पेन थांबलं होतं.

"काय झालं, बाई?"

"वाच. मोठ्याने वाच."

"सतरा नंबर. पुरुष, वय अठ्ठावन्न. उजवा तळपाय. बारावा आठवडा, जखमेचं क्षेत्रफळ शून्य." मुलीचा आवाज खाली आला. "निष्कर्ष, जखम पूर्ण बरी."

"आणि हा सतरा नंबर आत्ता कुठे आहे, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. इमारतीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं. सतरा नंबर म्हणजे शिंपी मास्तर. मास्तर दोन मजले वर, सर्जरीच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर होते, आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली चार बोटं उरला होता.

"मी मुद्दाम नाही केलं, बाई," मुलगी म्हणाली. "बाराव्या आठवड्याची शीट फाइलमध्ये नव्हती. रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढचं पान उघडतच नाही. वॉर्डात फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, पायच नाही तर जखम कुठली मोजणार? म्हणून मी शून्य टाकलं. बरी झाली हे मी नाही लिहिलं. शून्य टाकलं की तो आपला आपणच तसं लिहितो."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. ते म्हणाले, राहू दे."

राहू दे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पोरीवर ओरडून काय उपयोग होता? पोर बिचारी वर्षभरापूर्वी कामाला लागलेली, रकाना दिसला की भरायचा एवढंच तिला शिकवलेलं. बाईंनी पेनाचं टोपण लावलं, सतरावं पान गठ्ठ्यातून उपसून काढलं आणि जिन्याकडे निघाल्या. लिफ्टची वाट बघण्याइतका दम त्यांच्यात नव्हता.

बाईंना सगळे पेशंट नकाशाबाई म्हणत. सव्वीस वर्षं त्या साखरेच्या पेशंटांचे पाय धूत, पुसत, मेलेली कातडी कापत आणि पट्ट्या बांधत आल्या होत्या. साखर वाढली की पायातली जाण जाते. मग चपलेचा खिळा टोचला तरी माणसाला कळत नाही, आणि कळतं तेव्हा मोज्याला पू लागलेला असतो. अशा जखमेवर दर आठवड्याला पारदर्शक प्लास्टिकची शीट ठेवायची आणि बारीक टोकाच्या मार्करने तिची कड काढायची, हे बाईंचं काम. जखम भरत असेल तर आठवड्यागणिक नकाशा लहान होतो. मार्कर केसभर इकडे तिकडे गेला तर बाई शीट फाडून नवी घेत. "माझ्या पायात आज कुठला देश काढलात?" असं पेशंट विचारत, आणि बाई म्हणत, "देश नाही हो, अजून तालुकाच आहे." बोलायला फटकळ होत्या, पण हात असा हलका की माणसं त्यांच्यासमोर पाय ठेवून पेंगत.

मास्तर तीन महिन्यांपूर्वी आले ते टाचेजवळ एक सुई घेऊन. सुई अर्धी मोडून आत राहिली होती आणि त्यांना तीन दिवस पत्ता नव्हता.

"चाळीस वर्षं दुकानातल्या हरवलेल्या सुया शोधतोय मी," मास्तर म्हणाले होते. "ही तेवढी सापडली नाही, कारण ही माझ्याजवळच होती."

त्यांची बायको शेजारी उभी होती. "हसू नका," ती म्हणाली होती. "बाईंना सांगा, पाय सकाळी बघायला सांगितला की म्हणतात, पाय काय पळून जातोय का."

त्याच महिन्यात नव्या मलमाचा अभ्यास सुरू झाला होता. चाळीस माणसं, निम्म्यांना नवं मलम, निम्म्यांना नेहमीची मलमपट्टी. बारा आठवडे, बारा शीट. मास्तर कुरकुरत होते, आपल्यावर कसले प्रयोग करता म्हणून. बाईंनीच त्यांना समजावलं. "अहो, एरवी महिन्यातून एकदा नंबर लागतो. अभ्यासात आलात तर दर आठवड्याला मी स्वतः बघेन." मास्तरांनी सही केली ती मलमावर विश्वास ठेवून नाही. बाईंवर ठेवून केली.

आणि सांगितलेलं सगळं ऐकलं त्या माणसाने. वाट्याला आलेलं नवं मलम लावलं, एक आठवडा चुकवला नाही. पायावर भार द्यायचा नाही म्हटल्यावर शिलाई मशीनच्या पायट्यावरचा पाय उचलला आणि उजव्या हाताने चाक फिरवत, डाव्या हाताने कापड सरकवत शिवण चालू ठेवलं. "वेग कमी झालाय," ते म्हणाले होते, "पण गिऱ्हाईकं पळून गेली तर जातील, पाय तरी नाही पळणार." दर आठवड्याला नकाशा लहान होत होता. पहिल्या आठवड्यात जखम पावणेचार चौरस सेंटिमीटर, सहाव्यात जेमतेम एक. बाईंनी त्या दिवशी शीट उजेडाला धरून त्यांना दाखवली. मास्तर खूश झाले.

मास्तर बूट घालायच्या आधी बाईंनी जुन्या सवयीने बोथट टोकाची सळई जखमेत सरकवली. सळई आत गेली, आणखी आत गेली आणि टक करून थांबली. मास्तरांना काहीच कळलं नाही, ते बायकोशी बोलत होते. बाईंच्या बोटांना कळलं. सळई हाडाला लागली होती. जखम वरून मिटत होती आणि आतून पोखरत चालली होती. तोंड लहान, पोट मोठं. आणि शीटवर तर फक्त तोंडाचाच नकाशा निघतो.

बाई त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्या. हाडापर्यंत गेलंय, एक्स-रे काढा, सर्जनला दाखवा, म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "क्षेत्रफळ कमी होतंय ना? मग थांबा. दुसरा उपचार सुरू केला की तो अभ्यासातून बाद. आठवा आठवडा होऊ द्या, मग बघू."

बाई थांबल्या. हे विसरून चालणार नाही. त्या थांबल्या, सातव्या आठवड्यात शीट काढली, आठव्यात काढली आणि मास्तरांना सळईबद्दल एक शब्द सांगितला नाही. आठव्या आठवड्यात डॉक्टरांना पुन्हा आठवण केली, तर ते परिषदेला गेले होते. नवव्या आठवड्यात मास्तरांना थंडी वाजून ताप आला, पाय नडगीपर्यंत लाल झाला, आणि दहाव्यात सर्जनने सांगितलं की आता जीव वाचवायचा तर पाय ठेवता येणार नाही.

डॉक्टरांची खोली वरच्या मजल्यावर होती. ते संगणकावर रंगीत आलेख लावत बसले होते. सोमवारी मलम बनवणारी मंडळी येणार होती. समोर पाहुण्यांची एक खुर्ची होती.

"या बाई. बसा. सह्या झाल्या?"

बाई बसल्या नाहीत. सतरावं पान त्यांनी टेबलावर ठेवलं.

"हे चुकलंय."

डॉक्टरांनी पानाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना ते पाठ असावं. "मी विचार केलाय त्याचा. हे बघा, अभ्यासाचा प्रश्न काय होता? जखम भरते का. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर आज ती जखम आहे का?"

"पायच नाही, साहेब."

"तो आपल्या अभ्यासाचा प्रश्न नव्हता."

बाईंनी पान त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

"म्हणजे शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड," त्या म्हणाल्या. "उद्या सगळ्यांचेच पाय कापा. शंभर टक्के बरे होतील."

"बाई, जरा शब्द सांभाळून."

"सहाव्या आठवड्यात सळई हाडाला लागली होती. मी इथेच, ह्याच टेबलापाशी उभी राहून सांगितलं तुम्हाला."

"त्याची कुठे नोंद आहे?"

"नाही. फॉर्मवर सळईला रकाना नाही."

"मग." डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. तसा माणूस वाईट नव्हता. बाईंच्या मुलीच्या बाळंतपणात ह्यांनीच रक्ताची सोय केली होती, आणि म्हणूनच बाईंना जास्त चीड येत होती. "हे बघा, मलम चांगलं आहे. चाळिसातल्या एका माणसापायी ते अडकून पडलं तर हजारो लोकांचं नुकसान आहे. आणि सतरा नंबरचा पाय मलमाने गेला असं तुम्ही तरी म्हणाल का?"

"नाही म्हणणार. मलमाने गेला नाही. तुम्ही थांबा म्हणालात आणि मी थांबले, त्याने गेला."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "चारपर्यंत सगळ्या सह्या हव्यात. बारावी शीट नाही, एवढीच अडचण आहे. तुम्ही एक कोरी शीट लावा, नंबर आणि तारीख घाला. जखम नसली की आपण कोरीच लावतो. आणि पुढच्या अभ्यासात तुम्हाला घ्यायचं की नाही, हे मला नाइलाजाने ठरवावं लागेल."

"ठरवा," बाई म्हणाल्या.

खाली येऊन त्यांनी कपाटातून एक कोरी शीट आणि मार्कर घेतला. सतरा नंबरची फाइल काखेत मारली. मग पुन्हा जिने चढून सर्जरीच्या वॉर्डात गेल्या. दाराशी मात्र त्या थांबल्या. डॉक्टरांना सुनावणं सोपं होतं. इथे कोणाला सुनावणार होत्या?

मास्तर उशीला टेकून बसले होते. मांडीवर त्यांची राखाडी पँट होती. उजवी बाजू गुडघ्याखाली कापून झाली होती आणि उरलेलं टोक आत दुमडून ते शिवत होते, असे बारीक टाके की जवळ गेल्याशिवाय दिसू नयेत. कापलेला तुकडा घडी करून उशीपाशी ठेवलेला होता. बायको खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून दोरा ओवून देत होती.

"या बाई," मास्तर म्हणाले. "बघा, डिस्चार्जची तयारी. लोक पिना लावून दुमडतात म्हणे. मी म्हटलं, चाळीस वर्षांचा शिंपी आणि पिना लावून घरी जाणार? दुकानाची अब्रू जाईल."

बाई हसल्या नाहीत. "मास्तर, एक सांगायला आले आहे. आधी सगळं ऐकून घ्या." आणि त्यांनी सांगितलं. शून्य सांगितलं, पूर्ण बरी सांगितलं, कोरी शीट सांगितली. मास्तरांनी दाताने दोरा तोडला.

"म्हणजे मी बरा झालो."

"कागदावर."

"आणि हे मलम आता आणखी कोणाकोणाला लावणार, माझं नाव सांगून."

"नाव नाही सांगत. नंबर असतो."

"नंबर माझाच ना?"

"तुमचाच."

मास्तर सुईकडे बघत राहिले. "बाई, कधी कपडा अंगाला नीट बसला नसेल, कापड वाया गेलं असेल. गिऱ्हाइकाचे पैसे परत केलेत. पण कापड फाडून ठेवायचं आणि वर फिटिंग बसली म्हणून सांगायचं, हे मी कधी केलं नाही."

"अजून एक आहे," बाई म्हणाल्या. "सहाव्या आठवड्यात मी सळई घातली, ती हाडाला लागली. आत किडलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. डॉक्टरांना सांगितलं. ते थांबा म्हणाले. तुम्हाला नाही सांगितलं. त्या दिवशी मी तुम्हाला शीट दाखवली आणि जखम लहान झाली म्हणून सांगितलं."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकला. मग मास्तरांची बायको स्टुलावरून उठली.

"सहाव्या आठवड्यात," ती म्हणाली. "म्हणजे महिनाभर आधी."

"हो, वहिनी."

"तुम्ही म्हणाला होतात, मी स्वतः बघेन. बघत होतात ना?"

"बघत होते."

"मग सांगायला काय झालं होतं तुम्हाला? तोंड शिवलं होतं कोणी तुमचं? एक शब्द सांगितला असतात तर मी ह्यांना उचलून दुसरीकडे नेलं असतं. पाठीवर घालून नेलं असतं." तिचा आवाज चढला नव्हता, आणि चढला असता तर बरं झालं असतं असं बाईंना वाटलं. "आम्ही डॉक्टरला ओळखत नव्हतो. तुम्हाला ओळखत होतो."

बाईंनी मान खाली घातली. माफी मागायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण इतक्या मोठ्या गोष्टीपुढे ते तोंडदेखलं वाटलं आणि त्यांनी ते गिळलं. "मला बारावी शीट काढायची आहे," त्या म्हणाल्या. "कोरी लावायची नाही. जे आहे ते काढायचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर जाते."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"काढा," मास्तर म्हणाले.

बाईंनी हात धुतले, पट्टी सोडली, वरचा कापूस अलगद काढला. टाके अजून ओले होते. कडा नीट जुळल्या होत्या, सर्जनने काम चांगलं केलं होतं. एका हाताने शीट धरून दुसऱ्या हाताने रेघ ओढायची, तर शीट त्या गोल टोकावर ठरेना. तळपायावर ती सपाट बसे, इथे घसरत होती. दोनदा मार्कर सरकला. तिसऱ्यांदा दोन बोटं आली आणि त्यांनी शीटचा कोपरा दाबून धरला. मास्तरांच्या बायकोची बोटं होती. ती बाईंकडे बघत नव्हती.

बाईंनी कड काढली. संबंध गोल, जिथे पाय संपत होता तिथून. आजवर काढलेल्या नकाशांत हा सगळ्यात मोठा होता, शीटच्या चारही कडांना टेकला. पट्टी पुन्हा बांधून त्यांनी शीटखाली नंबर घातला, तारीख घातली आणि फॉर्मवर शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा होती तिथे बारीक अक्षरात लिहिलं. जखम बरी झाली नाही. पाय गुडघ्याखाली कापला. सहाव्या आठवड्यात सळई हाडाला लागली होती. डॉक्टरांना सांगितलं, पेशंटला सांगितलं नाही. मग पूर्ण सही केली, नेहमीची आद्याक्षरांची नाही.

"वाचून दाखवा," मास्तर म्हणाले. बाईंनी वाचलं. शेवटचं वाक्य वाचताना त्या अडखळल्या, पण वाचलं.

मास्तरांनी उशीपाशी ठेवलेला कापडाचा तुकडा उचलला. पँटचा कापलेला पाय होता तो, दीड वीत लांब, घरून इस्त्री करून आणलेला, खालची दुमड जशीच्या तशी. त्यांनी तो बाईंपुढे धरला.

"हाही लावा फाइलला."

"मास्तर, फाइलला कापड..."

"तुमच्या कॉम्प्युटरला शून्य काय ते कळतं. माणसाला दाखवायला काहीतरी पाहिजे." त्यांनी सुई उचलली आणि पुन्हा शिवायला घेतलं. "उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत द्यायचं असतं. मी नेहमी देतो."

बायकोने दोऱ्याचं रीळ हातात घेतलं. बाई निघाल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पट्टी घट्ट झाली नाही ना, बघून जा." बाई मागे आल्या, पट्टीखाली बोट घालून बघितली आणि गेल्या.

चारला पाच मिनिटं होती. डॉक्टर फोनवर बोलत होते. त्यांनी हातानेच, बसा, अशी खूण केली. बाई टेबलापर्यंत गेल्याच नाहीत. टेबलावर आलेखाचे कागद पसरले होते, फाइल ठेवायला जागा नव्हती. त्यांनी पाहुण्यांच्या खुर्चीवर आधी तो तुकडा ठेवला, वरची कड बैठकीवर येईल असा, आणि तो घसरू नये म्हणून त्यावर फाइल ठेवली.

डॉक्टरांनी फोनवर हात ठेवला. "हे काय आहे?"

"सतरा नंबरची बारावी शीट. तेवीस सह्या राहिल्यात. त्या मी फाइली उघडून, एकेकाला बोलावून, सळई घालून मग करीन. सोमवारपर्यंत होणार नाहीत."

"बाई, हे कापड तरी उचला इथून."

"माझं नाही ते. सर्जरीच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट आहे. तिथे नेऊन द्या."

डॉक्टरांनी खुर्चीकडे बघितलं. फोनमधून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. राखाडी कापड खुर्चीच्या कडेवरून सरळ खाली आलं होतं, इस्त्रीची घडी मधोमध. दुमडीच्या खाली नुकतीच पुसलेली फरशी होती.